रेकॉर्डची पट्टी

गॉर्डन हॅवर्टी दिसायला गोड माणूस होता. हे आधीच सांगून टाकते, कारण लोकांना वाटतं, असल्या माणसाच्या तोंडावरच काहीतरी लिहिलेलं असतं. काही लिहिलेलं नव्हतं. मऊ हात, स्वच्छ नखं, आणि बोलताना समोरच्याचं नाव सारखं घ्यायची सवय. "बैस, ओडेसा. कॉफी घेणार, ओडेसा? तुझ्या आवाजात काहीतरी आहे हं, ओडेसा." माझं नाव मात्र त्याला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही. व्हर्नेल. काय अवघड आहे त्यात?

आम्ही तिघी. ओडेसा गेन्स, मी, आणि क्लोडीन म्हणून एक होती, ती हे सगळं घडलं त्याच वर्षी लग्न करून डेट्रॉइटला गेली आणि तिनं आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ब्रुकलिनमध्ये एकाच चर्चच्या गायकवृंदात वाढलो, एकाच जिन्यात उभं राहून सूर जुळवले, कारण जिन्यात आवाज घुमतो. स्वतःला 'लिनेट्स' म्हणवून घ्यायचो. हॅवर्टी रेकॉर्डी काढायचा. ब्रॉडवेवरच्या एका इमारतीत त्याची खोली होती, आणि तिथं आम्ही नमुने गायचो.

नमुना म्हणजे असं: गाणं लिहिणारा गाणं लिहितो, पण नावाजलेल्या बाईला ते कागदावर कळत नाही. मग आमच्यासारख्या पोरींकडून ते गाऊन घ्यायचं. बाई तो नमुना ऐकते, आवडला तर स्वतः गाते, आणि आमचा नमुना जातो कचऱ्यात. गाऱ्हाणं नव्हतं. ओडेसा कपडे धुण्याच्या कारखान्यात होती, मी टोप्यांच्या. वाफेत उभं राहण्यापेक्षा माइकसमोर उभं राहणं कोणालाही बरं वाटेल.

१९६२ च्या उन्हाळ्यात त्यानं आम्हाला एक गाणं दिलं. शुक्रवारी येतो म्हणून गेलेल्या पोराची वाट पाहणारी मुलगी. गाणं मॅरिबेल्ससाठी होतं. मॅरिबेल्स म्हणजे तेव्हा मोठं नाव. चार गोऱ्यापान, बारीक कमरेच्या पोरी, वंशानं म्हणजे आमच्यासारख्या काळ्याच, पण दुधात बुडवून काढलेल्या. त्यांची पुढची गाणारी इव्हेट. तिचा घसा बसला होता, डॉक्टरनं बोलायलाही मनाई केली होती, म्हणून नमुना घाईनं हवा, असं हॅवर्टी म्हणाला.

ओडेसाचा आवाज मी कसा सांगू? काकवीसारखा. दाट, काळा, खाली बसणारा. चर्चमध्ये ती खालच्या सुरात सुरुवात करायची तेव्हा म्हाताऱ्या बायका बाकाची कड धरायच्या. ती गायली तशीच. फक्त हॅवर्टीनं यंत्रावरच्या माणसाला सांगितलं, "टेप जरा हळू फिरव." आणि आमचं गाऊन झाल्यावर तीच टेप नेहमीच्या वेगानं वाजवली.

त्या काळी ही खोड सगळेच करत. टेप हळू फिरवून भरायची, वेगात वाजवायची. गाण्याला चपळाई येते, आवाज वर चढतो, वयात आलेली बाई शाळकरी पोर होते. आम्हाला ते माहीत नव्हतं. भोंग्यातून जो आवाज आला तो ऐकून आम्ही तिघी हसून हसून वाकलो.

"अगं बाई!" ओडेसा म्हणाली. "ही कोण कार्टी?"

"सोळा वर्षांची आहे, ओडेसा," हॅवर्टी म्हणाला. "रेकॉर्ड सोळा वर्षांची पोरच विकत घेते."

आम्ही घरी गेलो. इव्हेटचा घसा काही लवकर बरा झाला नाही. हॅवर्टीनं वाट पाहिली नाही. नमुना होता तसाच छापला, वर नाव घातलं मॅरिबेल्स.

आम्हाला कळलं ते मिस आयोनाच्या केसांच्या दुकानात. शनिवारची गर्दी, गरम कंगव्याचा आणि तेलाचा जळका वास, माझे अर्धे केस सरळ झालेले आणि अर्धे उभे, आणि रेडिओवर ते गाणं लागलं. ओडेसा खुर्चीतून उठली. मानेवरचा टॉवेल खाली पडला.

"ही मी आहे!" ती ओरडली. "आयोना, मोठा कर! ही मी आहे!"

रेडिओवाला गाणं संपल्यावर म्हणाला, मॅरिबेल्स. आणि दुकान जे हसलं! अशी हसली दुकानभर बाई की मिस आयोनाच्या हातातला कंगवा माझ्या कानाला लागला.

"ही मी आहे म्हणे!" कोपऱ्यातली एक म्हणाली. "आणि मी महाराणी. माझा मुकुट धुवायला टाकलाय तुझ्याच कारखान्यात."

"नाही, खरंच तीच आहे," मी म्हणाले. "मी मागे गातेय त्यात. ते ऊ-ऊ माझं आहे."

"ऊ-ऊ तुझं! मग तर झालंच. सही दे गं बाई, ऊ-ऊवाली."

माझा एक दोष आहे, मला राग आला की मी जास्त बोलते आणि जास्त बोललं की माणसाचं खरंही खोटं वाटायला लागतं. त्या दिवशी मी फार बोलले. त्यातून निष्पन्न इतकंच झालं की रविवार उजाडायच्या आत ही गोष्ट ओडेसाच्या आईपर्यंत पोचली.

मिस ल्यूटी गेन्स; लग्न झालेलं असलं तरी मोठ्या बायकांना आम्ही मिसच म्हणायचो. शाळेत स्वयंपाक करायच्या, आणि रविवारी पांढरी टोपी, पांढरे हातमोजे घालून चर्चच्या पहिल्या बाकावर. नाचगाण्याच्या रेकॉर्डींचा त्यांना तिटकारा होता असं लोक समजत, पण तसं नव्हतं. पोरगी चार पैसे मिळवते तर मिळवू दे, एवढ्या त्या शहाण्या होत्या. त्यांना तिटकारा होता खोट्याचा. त्याला कारण होतं. नवरा रॉस्को थापाड्या होता. मोठमोठ्या वाद्यवृंदांत मी वाजवलंय म्हणायचा, अमका माझा दोस्त, तमका माझ्या हाताखाली शिकला. साधी बासरी कोणी त्याच्या तोंडाला लागलेली पाहिली नव्हती. 'आठवड्यात येतो' म्हणून शिकागोला गेला तो गेला. ल्यूटीबाईंनी ते गिळलं, पण मुलीच्या तोंडून एक वाकडा शब्द आला की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा.

"माझ्याकडे बघून सांग," त्यांनी विचारलं. मी तिथंच होते, वाटाणे सोलत. "रेडिओवर गाते ती तू आहेस?"

"हो, आई."

"रेडिओवाला म्हणतो दुसरीच आहे."

"त्यांनी माझा आवाज घेतला आणि तिचं नाव लावलं."

ल्यूटीबाईंनी रेकॉर्ड विकत आणली होती. आणली होती हो, स्वतः दुकानात जाऊन! ती लावली. शेवटपर्यंत ऐकली. मग सुई उचलून म्हणाल्या, "तू पोटात होतीस तेव्हापासून तुझा आवाज मला ठाऊक आहे. हा तुझा नाही."

"मिस ल्यूटी, त्यांनी टेप वेगानं पळवलीय," मी म्हणाले. "थांबा, दाखवते." आणि मी शहाणीनं फिरत्या रेकॉर्डवर अंगठा टेकवला, वेग कमी व्हावा म्हणून. वेग कमी झाला, पण सरळ नाही. आवाज खाली गेला, वर आला, हिंदकळला, पुन्हा खाली. भर दुपारी गुत्त्यातून बाहेर पडलेल्या माणसासारखा.

"हा माझ्या मुलीचा आवाज?" त्या म्हणाल्या. "व्हर्नेल, तू वाटाणे सोल."

ओडेसा रडली नाही. पण मला वाटतं, आईनं दिलेला मार तिनं यापेक्षा सहज सोसला असता. त्याच आठवड्यात टीव्हीवर मॅरिबेल्स आल्या. आमच्या मजल्यावर टीव्ही फक्त सिस्टर ग्रेडींकडे (चर्चमधल्या बायकांना आम्ही सिस्टर म्हणायचो), म्हणून अर्धं चर्च त्यांच्या दिवाणखान्यात. इव्हेट पुढे उभी, चमचमता झगा, आणि ओठ हलवतेय. बरोब्बर हलवत होती, हे मान्य करते. मेहनत घेतली होती बाईनं. ओडेसाचा श्वास जिथं अडखळला होता तिथं तीसुद्धा अडखळत होती.

"ओठ बघा ना तिचे!" ओडेसा म्हणाली. "नुसते हलवतेय!"

"आणि तुझे?" सिस्टर ग्रेडी म्हणाल्या. "तुझे तर इथं बसून हलतायत. मग तिचा आवाज तुझ्यातून येतो की तुझा तिच्यातून? ल्यूटी, ही रॉस्कोवर गेली गं."

खोलीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ल्यूटीबाई उठल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी गायकवृंदाच्या खोलीतल्या खुंटीवर ओडेसाचा जांभळा झगा नव्हता. आमच्याकडे नियमच होता तो. ज्याच्यावर उघड पापाचा ठपका, त्यानं सगळ्या चर्चसमोर उभं राहून साक्ष द्यायची, कबूल करायचं, मगच झगा परत. झगा नेला होता तिच्या आईनंच.

म्हणून आम्ही हॅवर्टीकडे गेलो. नाव नको, पैसा नको, काही नको. फक्त एक फोन. "माझ्या आईला सांगा की ती मी आहे," ओडेसा म्हणाली. "दुसऱ्या कोणाला सांगू नका. मी शपथ घेते, बाहेर बोलणार नाही. फक्त तिला."

"एवढंच ना, ओडेसा?" हॅवर्टी म्हणाला. "नंबर सांग."

सिस्टर ग्रेडींचा फोन होता, मजल्यावरचा एकुलता एक. त्यांनी ल्यूटीबाईंना हाक मारून आणलं असणार, कारण बराच वेळ हॅवर्टी कानाला फोन लावून आमच्याकडे बघून हसत होता. ओडेसानं माझा हात धरला होता.

"मिसेस गेन्स? मी गॉर्डन हॅवर्टी, रेकॉर्ड काढतो. तुमची मुलगी इथं माझ्यासमोर बसलीय. भली मुलगी आहे, मिसेस गेन्स. तिला रागावू नका. अशा मुली माझ्याकडे रोज येतात. गाणं इतकं आवडतं त्यांना, की आपणच गायलोय असं वाटायला लागतं. नाही, नाही. माझ्यासाठी ती कधीच गायलेली नाही. मॅरिबेल्सच. हो. तुमच्यावरही देवाची कृपा असो."

त्यानं फोन ठेवला. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे ऐकत राहिला. मग खण उघडून इव्हेटची सही असलेला एक फोटो काढला आणि ओडेसाच्या मांडीवर ठेवला.

"आईसाठी ने, ओडेसा," म्हणाला.

हे त्यानं का केलं, याचा मी खूप विचार केला. धंदा होता, खरी गोष्ट फुटली तर मॅरिबेल्सचा बाजार उठला असता, हे कळतं. फोन न करता हाकलून दिलं असतं तरी चाललं असतं. पण फोटो? फोटोची काहीएक गरज नव्हती. काही माणसांना मेलेल्यालाही एक चिमटा काढून बघायचा असतो.

त्यानंतर ओडेसाला अमॅच्युअर नाइटची, म्हणजे हौशी गाणाऱ्यांच्या रात्रीची, कल्पना सुचली. हार्लेममधलं थिएटर, दर बुधवारी, कोणीही यावं आणि गावं. तिथली गर्दी म्हणजे काय चीज होती, ते मी सांगते. आवडलं तर खांद्यावर घेतील. नाही आवडलं तर सोलून ठेवतील, आणि सोलायलाच आलेले असत निम्मे. गाणारा फसला की भोंगा वाजायचा, आणि झोपायचा झगा, झोपायची टोपी घातलेला एक माणूस झाडू घेऊन यायचा आणि त्याला रंगमंचावरून झाडून काढायचा. लोक त्या झाडूवाल्यासाठीच पैसे भरत.

"हजार लोकांसमोर गाते," ओडेसा आईला म्हणाली. "यंत्र नाही, टेप नाही. तू समोर बस. मग तूच ठरव."

ल्यूटीबाई तव्यावरचे मासे उलटत होत्या.

"मी येईन," त्या म्हणाल्या. "आणि तो आवाज तुझ्या गळ्यातून आला, तर मी चर्चमध्ये गुडघे टेकून तुझी माफी मागेन. सगळ्यांसमोर."

खरं सांगते, त्यांनाही ते हवं होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्या बाईला जगात दुसरं काही नको होतं, आपण चुकलो एवढंच सिद्ध व्हायला हवं होतं.

बुधवारी दुपारी तालीम. बँडचा मास्तर मिस्टर टिब्ज, पोटावर टेकवलेला सॅक्सोफोन आणि तोंडात विझलेली सिगार. त्यानं विचारलं, "कुठल्या पट्टीत?"

"रेकॉर्डच्या," ओडेसा म्हणाली.

त्यानं तिला एक ओळ गायला लावली, बोलण्याच्या आवाजात, सहज. मग मान हलवली. "तुझा आवाज खाली आहे, पोरी. रेकॉर्डची पट्टी धड या सुरात नाही, धड त्या सुरात नाही, कोणत्या गाढवानं बसवलीय देव जाणे. मला वरची धरावी लागेल, आणि वरची तुला झेपणार नाही. दीड सूर खाली घेऊ. लोणी होईल."

"नको."

"अगं, घे ना खाली," मी तिला बाजूला ओढून म्हणाले. "खाली गा. तुझं तू गा. रडवशील त्यांना."

"रडवून काय करू?" ती म्हणाली. "खाली गायले तर तो माझा आवाज होतो, व्हर्नेल. आईला माझा आवाज माहीतच आहे. तिला तो दुसरा ऐकायचाय."

खाली गावं तर रेकॉर्डसारखं वाटणार नाही, वर गावं तर गळा पोचणार नाही. स्वतःचीच नक्कल करायला निघालेली पोरगी, आणि ती नक्कल तिच्याच गळ्याच्या बाहेरची. "माझंच गाणं आहे ना ते?" ती म्हणाली. "मग मला का नाही येणार?" आणि मिस्टर टिब्जकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "रेकॉर्डची पट्टी!"

त्यानं खांदे उडवले.

थिएटर भरलं होतं. ल्यूटीबाई चौथ्या रांगेत, रविवारची टोपी घालून, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. आयुष्यात पहिल्यांदा अशा जागी आल्या होत्या आणि चर्चमध्ये बसल्यासारख्या ताठ बसल्या होत्या. मी पडद्याआड.

बँडनं सुरुवातीचे सूर वाजवले आणि सगळं थिएटर ओरडलं. गाणं त्या महिन्यात घराघरात होतं, दोन सुरांत ओळखायचे लोक. ओडेसा पुढे आली, साध्या निळ्या झग्यात, आणि पहिल्या दोन ओळी चांगल्या गेल्या. चढाव नव्हता त्यात. चौथ्या रांगेत ल्यूटीबाई जराशा पुढे झुकल्या. मी देवाला म्हटलं, आता हिला धर.

तिसऱ्या ओळीला गाणं वर जातं. 'शुक्रवारी' हा शब्द तिथं येतो. ओडेसानं झेप घेतली आणि सूर खाली राहिला. दुसऱ्यांदा घेतली आणि आवाज फाटला, जुनी चादर फाटते तसा, आडवा. काही लोक हसले. ती थांबली नाही. हनुवटी वर करून, मानेच्या शिरा ताणून, ती त्या सोळा वर्षांच्या कार्टीच्या मागे धावत राहिली.

"बाई, गाणं मेलं!" वरच्या सज्ज्यातून कोणीतरी ओरडलं. "सोड त्याचा गळा!"

"मॅरिबेल्सची आजी आली रे!"

"इव्हेटला बोलवा!"

मग एकानं सुरू केलं आणि बघता बघता सगळ्यांनी उचललं, पाय आपटत, टाळ्यांच्या ठेक्यावर: "रेकॉर्ड लावा! रेकॉर्ड लावा! रेकॉर्ड लावा!"

हजार माणसं तिला सांगत होती की तू गप्प बस आणि तुझा आवाज ऐकू दे.

भोंगा वाजला. झाडूवाला नाचत आला, तिच्या पायांभोवती झाडू मारायला लागला, आणि ती तरी गातेच आहे. इतर लोक या वेळी पळतात. ती जागची हलली नाही. झाडूवाल्यानं तिच्या निळ्या झग्याची खालची कड झाडूनं वर उडवली, तेव्हा थिएटर हसून आडवं झालं. ती आईकडे बघत होती. सगळा वेळ आईकडे. ल्यूटीबाईंनी पर्स उघडून रुमाल काढला होता आणि तोंडावर धरला होता.

मी जाऊन तिला हाताला धरून आत आणलं. मिस्टर टिब्ज गाणं वाजवतच राहिला आणि लोकांनी ते मिळून, मजेत, अखेरपर्यंत म्हटलं.

आम्ही तिघी घरी आलो. स्वयंपाकघरात ल्यूटीबाईंनी तिला खुर्चीत बसवलं, फडकं ओलं केलं आणि तिच्या तोंडावरचा रंग पुसायला लागल्या. हळू, लहान मुलाचं तोंड पुसावं तसं. इतक्या दिवसांत त्यांनी तिला हात लावला नव्हता.

"त्या लोकांना देव बघून घेईल," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकराला असं करतात म्हणजे काय! तू वाईट गायली नाहीस. फक्त ते तुझं नाही. आता सांग मला. एकदाच. मी रागावणार नाही, पुन्हा कधी विषय काढणार नाही. ती तू नव्हतीस ना?"

मी दारात उभी होते. बोलायला तोंड उघडलं तर ओडेसानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

फडकं तिच्या गालावर थांबलं होतं.

"नव्हते," ओडेसा म्हणाली.

ल्यूटीबाईंनी तिचं डोकं पोटाशी घट्ट धरलं आणि मोठ्यानं रडल्या. "मिळाली मला," म्हणाल्या. "माझी पोरगी परत मिळाली मला."

मला तेव्हा त्या बाईचा जो राग आला, तो आजतागायत गेलेला नाही. आणि ओडेसाचा त्याहून जास्त. मी तिला जिन्यात गाठून विचारलं, काय केलंस हे? ती म्हणाली, "तिनं मला किती दिवसांनी हात लावला, तू पाहिलंस ना? मग झालं." झालं म्हणे!

रविवारी साक्षीची वेळ आली. रेव्हरंड पेटवेंनी विचारलं, कोणाला प्रभूसमोर काही सांगायचंय का, आणि ओडेसा उठली. ल्यूटीबाई तिचा हात धरून शेजारी उभ्या राहिल्या.

"मी खोटं बोलले," ओडेसा म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "दुसरीचं गाणं माझं म्हणून सांगितलं. मला मोठेपणाचा लोभ सुटला. माझ्या आईला तुम्हा सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावली. प्रभूनं मला क्षमा करावी."

"आमेन!" चर्च म्हणालं. हातपंखे हलले, म्हाताऱ्यांनी हात वर केले. "सांग, पोरी! मोकळी हो!"

जांभळा झगा आईनंच तिच्या अंगावर चढवला. रेव्हरंड म्हणाले, गा. आणि ती गायली. मागे ऑर्गनवाल्यानं सूर धरला तो खालचा, तिचा, आणि त्या आठवड्याचा सगळा मार तिनं त्या गाण्यात ओतला. बाकाच्या कडा धरल्या लोकांनी. तिच्याइतकं चांगलं गाताना मी कोणालाच ऐकलेलं नाही, रेकॉर्डवरही नाही. माझ्या शेजारी सिस्टर ग्रेडी डोळे पुसत होत्या.

"असला देवानं दिलेला आवाज असताना," त्या मला म्हणाल्या, "त्या रेडिओवरच्या उंदराचा आवाज माझा म्हणून कशाला सांगत फिरावं गं?"

मग माझा स्वतःवरचा ताबा सुटला. मी बाकावरून उठले. साक्ष द्यायला उठतात तशी, हात वर करून, म्हणजे मला कोणाला खाली बसवता येणार नाही.

"मला साक्ष द्यायचीय," मी म्हणाले. "देवाच्या घरात उभी आहे, खोटं बोलले तर इथंच वीज पडू दे. तो आवाज तिचाच आहे. मी तिच्या मागे उभी होते. तिनं आत्ता जे कबूल केलं, तेच खोटं आहे. आणि ते तुम्ही तिच्याकडून बोलवून घेतलंत."

एकही हातपंखा हलत नव्हता. ल्यूटीबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मी शपथेवर सांगते, क्षणभर त्या डगमगल्या. तो जांभळा झगा, तो खालचा सूर, माझं तोंड, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली, आणि मग ती लेकीवर येऊन थांबली. प्रश्न नव्हता विचारला त्यांनी. पण होता.

ओडेसानं आईचा हात सोडला नाही.

"व्हर्नेल माझी मैत्रीण आहे," ती म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली. "माझी लाज राखायला ती काहीही बोलेल. मीच तिला खोटं बोलायला शिकवलं. तिच्यावर रागावू नका. तिच्यासाठी प्रार्थना करा."

रेव्हरंड पेटवे खाली उतरले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. सगळं चर्च उभं राहिलं. देवा, या मुलीच्या जिभेवरचं खोटं काढून घे, असं ते म्हणाले, आणि मागून सगळ्यांनी म्हटलं, काढून घे. मी डोळे मिटले नाहीत. सगळ्या आवाजांच्या खालून, दाट आणि काळा, ओडेसाचा आवाज येत होता, आणि तोच सगळ्यात मोठा होता.